आधी मोजणारे गॅरेज : टायमिंग तपासणीच्या सेवेचे परीक्षण

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एका तालात ठेवणारा पट्टा, बदलून आणलेली गाडी सुरू तर होत होती, पण आयडलिंगला थरथरत होती, पिकअप उरला नव्हता आणि चेक इंजिनचा दिवा विझत नव्हता. बेल्ट बदलणाऱ्यांच्या सल्ल्यावरून इंजेक्टर साफ करून झाले, कॅमचा सेन्सरही बदलून झाला, तरी दोष तसाच राहिला. त्यानंतर ज्या गॅरेजने तो शोधून काढला, त्यांच्या कामाविषयी हे लिहीत आहे.

या गॅरेजची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे इंजिनाचा एकही नट सैल करण्यापूर्वी त्यांनी मोजमापे घेतली. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला. क्रँकशाफ्ट (पिस्टनांमुळे फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) यांच्या सेन्सरांचे संकेत एकमेकांशी जुळत नाहीत, एवढेच हा कोड सांगतो. सदोष सेन्सर किंवा वायरिंग यांमुळेही तो येऊ शकतो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर त्यांनी बेल्टला दोष दिला नाही. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (आतली ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारे यंत्र) जोडल्यावर सुई १४ इंचांच्या आसपास स्थिर राहिली. निरोगी पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २२ इंच दाखवते. एखादाच व्हॉल्व्ह नीट बसत नसता तर सुई ठरावीक तालात झुकली असती. इथे ती न हलता कमी आकड्यावर होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाबही चारही सिलिंडरांत कमी, परंतु जवळजवळ सारखे होते. वरच्या फेऱ्यांत गाडी बरी वाटते, खाली मात्र दम लागतो, असे मी सांगताच कॅम मागे पडला असावा, हा त्यांचा अंदाज पक्का झाला. कारण मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की कमी वेगात आत आलेले मिश्रण काही प्रमाणात परत बाहेर ढकलले जाते.

त्यानंतरचे काम मला उभे राहून पाहू दिले, याचे मला विशेष कौतुक वाटते. स्पार्क प्लग काढून इंजिन पान्याने, हाताने आणि योग्य दिशेनेच फिरवले. क्रँकच्या पुलीवरची खूण कव्हरवरच्या शून्याला जुळली, कॅमची खूणही जागेवर आली. म्हणजे वरवर पाहता सारे ठीक होते. तरीही मेकॅनिकने प्लगच्या छिद्रातून डायल गेज सोडून पहिल्या पिस्टनचा वरचा टोकबिंदू स्वतंत्रपणे तपासला, तेव्हा पिस्टन तो बिंदू ओलांडून खाली उतरू लागलेला आढळला. पुलीच्या आतील भाग आणि बाहेरील कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो थर सुटून कडे मागे सरकले होते आणि त्याच्यासोबत खूणही सरकली होती. आधीच्या मेकॅनिकने बहुधा याच खुणेवर विसंबून बेल्ट एक दात चुकीचा चढवला असावा. पुली उतरवल्यावर आतल्या स्प्रॉकेटवरची (बेल्ट फिरवणाऱ्या दातेरी चाकावरची) मूळ खूण दिसते, ती एकदा पाहिली असती तरी हे टळले असते. त्या स्प्रॉकेटला २० दात आहेत, म्हणजे एका दाताने क्रँकचे १८ अंश बिघडतात. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या वाटा एकमेकींना छेदतात, तिथे आणखी एक-दोन दातांची चूक व्हॉल्व्ह वाकवू शकते, म्हणून अशी गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे.

नवी पुली आणि नवा क्रँक बोल्ट बसवून त्यांनी खुणा जुळवल्या, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा काटा योग्य जागी आणला आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सर्व खुणा पुन्हा पाहिल्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, त्यामुळे ही तपासणी वगळता येत नाही. बेल्टवर रंगवलेल्या रेघा मात्र या फिरवण्यानंतर खुणांशी जुळत नाहीत आणि त्यात काळजीचे काही नाही, हेही त्यांनी न विचारता समजावून सांगितले. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम १९ इंचांवर स्थिरावला आणि कोड परत आला नाही.

उणीव आहे ती नोंदींची. एवढी मोजमापे घेऊनही बिलावर फक्त ‘टायमिंग दुरुस्त केले’ असे लिहून दिले. आधीचे आणि नंतरचे आकडे मी मागितल्यावरच कागदावर मिळाले. शिवाय तपासणीचे शुल्क दुरुस्तीपासून वेगळे आकारतात, हे गाडी आत घेण्यापूर्वी स्पष्ट सांगायला हवे होते. ते शुल्क मला रास्त वाटते, कारण अंदाजाने बदललेला सेन्सर आजही खर्चात जमा आहे आणि त्याचा काहीही उपयोग झालेला नाही.