राजारामपुरीची गल्ली की पाचगावकडची कॉलनी?

बजेट बसलं की कोल्हापुरात प्रश्न उरतो तो हा: राजारामपुरीत जुन्या अपार्टमेंटमधला फ्लॅट, की साधारण त्याच पैशात शहराच्या हद्दीबाहेर पाचगाव-मोरेवाडीकडं ऐसपैस रो-हाउस? मी दोन्हीकडं राहिलोय.

कॉलनीचं सुख आधी मान्य करतो. वारा, दारात गाडी, रात्री शांतता. पोरांना रस्ताच मैदान, कारण तो पुढं कुठं जातच नाही. राजारामपुरीत गाडी लावायला जागा शोधताना जीव मेटाकुटीला येतो, आणि गणपती आगमनाला खिडक्यांच्या काचा थरथरतात.

मला नडली ती गिरणी. आमच्या मागच्या भिंतीपलीकडंच पिठाची गिरणी होती. तिची घरघर स्वयंपाकघरात ऐकू यायची, पण दळण टाकायचं तर डबा गाडीवर घेऊन मेन रोडला यायचं, पुढच्या कमानीतून आत वळायचं, आणि तसंच परत. बायको म्हणायची, भिंतीवरनं डबा सोडला तर? तसं बघितलं तर दोष कुणा एकाचा नाही. शेतांच्या वाटण्या झाल्या, एकेक गट बिनशेती झाला, ज्यानं त्यानं आपापला लेआउट पाडला आणि रस्ता शेजाऱ्याच्या बांधाला टेकवून सोडला. आडवा रस्ता कुणाच्याच नकाशात नाही. महापालिका १९७२ ची, पण हद्दवाढ वर्षानुवर्षं नुसती गाजत राहिली. २०१७ साली आसपासच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण आलं, तोवर कितीतरी प्लॉट विकून घरं उभी होती.

अमेरिकेतसुद्धा बंद गल्ल्यांचं खूळ १९९४ च्या सुमारास कळसाला पोचलं आणि मग ओसरलं म्हणतात. पण नवे रस्ते सुधारले तरी जुन्या वसाहतींतून वाट काढायला कंपाउंड कोण पाडणार?

राजारामपुरीत मिरवणुकीनं मेन रोड बंद झाला तरी एका गल्लीतून दुसरीत असं करत बाहेर पडता येतं. कॉलनीत ड्रेनेजसाठी कमानीशी चर खणली, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या गाड्या आतच. वयस्कर आई-वडील घरात असतील तर मी तरी गल्लीच घेईन. बागेची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

कॉलनीच ठरली तर विसार देण्याआधी रस्ता संपतो तिथवर चालत जा. एजंट 'पुढं निघतोय की ओ रस्ता' म्हणेल. कुठनं निघतोय, ते त्याला मंजूर नकाशावर बोट ठेवून दाखवायला लावा.