दांडिया बाजारातील जुन्या पुस्तकांचे दुकान

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एका आतल्या गल्लीत जुन्या पुस्तकांचे लहानसे दुकान आहे. 1883 साली 'कामसूत्रा'चे इंग्रजी भाषांतर गुप्तपणे छापून घेणाऱ्या फॉस्टर फिट्झजेराल्ड आर्बथनॉट यांचा माग काढत मी तेथे गेलो. असे पुस्तक मागितले की विक्रेते नजर चुकवतात आणि प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, असा माझा इतरत्रचा अनुभव आहे. येथे दुकानमालक काकांनी मात्र शांतपणे विचारले, "मूळ शीर्षकपृष्ठ असलेली प्रत हवी, की नुसता मजकूर चालेल?"

हा प्रश्न जाणकाराचाच होता, कारण त्या प्रकाशनाची सारी कथा त्या एका पानावर आहे. तेथे प्रकाशनाचे ठिकाण म्हणून छापलेले 'कॉस्मोपोली' हे गाव कोणत्याही नकाशावर नाही, आणि 'लंडन व बनारसची कामशास्त्र सोसायटी' म्हणजे मुख्यतः आर्बथनॉट आणि त्यांचे मित्र रिचर्ड बर्टन. इंग्लंडमध्ये 1857 पासून अश्लील प्रकाशनांविरुद्ध कायदा होता. 1873 मध्ये याच दोघांनी केलेल्या 'अनंगरंग' या दुसऱ्या संस्कृत कामशास्त्रीय ग्रंथाच्या भाषांतराच्या मोजक्या प्रती निघताच छापखान्याने घाबरून काम थांबवले होते, आणि त्यावर दोघांची आद्याक्षरेही उलट क्रमाने घातलेली होती. मुंबई इलाख्यात कलेक्टर राहिलेल्या आर्बथनॉट यांच्यासारख्या माणसाने एवढी काळजी घ्यावी, हे मला समजते.

मला खटकते ते वेगळेच. संस्कृत पोथ्यांवरचे मूळ काम भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांचे. पुढे नाव झाले ते बर्टन यांचे, जे 1842 मध्ये तरुण लष्करी अधिकारी म्हणून याच बडोद्याच्या छावणीत आले होते. भिड्यांचे नाव मराठी वाचकांनाही फारसे ठाऊक नाही, आणि ते मी प्रथम ऐकले ते या दुकानात.

शीर्षकपृष्ठासह पुनर्मुद्रित प्रत मला 400 रुपयांना मिळाली. बांधणी पक्की आहे, कागद मात्र पातळ. आतल्या कपाटांपाशी उजेड कमी आहे आणि शिडी डुगडुगते, त्यामुळे वयस्कर वाचकांनी वरची पुस्तके काढून मागावीत. दुकानात यादी नाही, सगळे काकांच्या स्मरणात आहे; म्हणून ते स्वतः बसतात त्या संध्याकाळच्या वेळीच जावे. भिड्यांविषयी मराठीत काही हाती लागले तर बाजूला ठेवण्यासाठी त्यांनी माझे नाव वहीत लिहून घेतले आहे.