परसबागेसाठी घेतलेले सेंद्रिय बियाणे

लातूरच्या एका लहान दुकानातून मी मृगाच्या तोंडावर भेंडी, गवार आणि दोडक्याचे सेंद्रिय बियाणे घेतले. पाकिटावर उगवणशक्ती व तपासणीची तारीख स्पष्ट छापलेली होती आणि बियांवर थायरमसारख्या बुरशीनाशकाचा रंगीत लेप नव्हता, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. ओल्या गोणपाटात प्रत्येकी 10 बिया गुंडाळून ठेवल्या, तेव्हा भेंडीच्या 9 आणि गवारीच्या 8 बियांना मोड आले. दोडक्याच्या मात्र चारच उगवल्या, कारण त्याचे कवच कठीण असते आणि ते रात्रभर भिजवावे लागते, ही सूचना पाकिटावर असायलाच हवी होती. वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेले, असल्याने भेंडीच्या निरोगी झाडावरच्या दोन-चार शेंगा वाळू देऊन पुढील हंगामाचे बी घरीच राखता येईल. संकरित वाणात ती सोय नसते.