जीपीएमचा रडार की क्लाउडसॅट? पाऊस आणि बर्फासाठी कुठला डेटा घ्यायचा

प्रोजेक्टसाठी कुठला डेटा घेऊ म्हणून एकजण दोन दिवस अडून बसलाय, त्याच्यासाठी हे. जीपीएम आणि क्लाउडसॅट म्हणजे अवकाशातून रडारने पाऊस, बर्फ, ढग मोजणारे दोन उपग्रह. दोन्हींचा डेटा फुकट मिळतो, त्यामुळे पैशाचा प्रश्न निकालात.

खरा फरक फ्रिक्वेन्सीचा. जीपीएमचा रडार १३.६ आणि ३५.५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे धो धो पाऊस असला तरी सिग्नल बऱ्यापैकी खालपर्यंत पोचतो, पण भुरभुर बर्फ त्याला दिसतच नाही, प्रतिध्वनी फारच क्षीण. क्लाउडसॅटचा ९४ गिगाहर्ट्झ याच्या बरोबर उलटा, हलका बर्फ आणि ढगातले बारीक कणसुद्धा टिपायचा आणि जोराचा पाऊस आला की वरच्या वरच गळपटायचा. जमिनीलगतचा साधारण किलोमीटरभर थर दोघांनाही धड दिसत नाही बरं का, जमिनीचाच प्रतिध्वनी सगळं झाकून टाकतो.

कव्हरेज म्हणाल तर जीपीएम २४५ किमीचा पट्टा झाडत जातो पण ६५ अंश अक्षांशाच्या आसपासच थांबतो. क्लाउडसॅट ८२ अंशांपर्यंत जायचा, पण नुसता नाकासमोर, दीडेक किमीची रेघ. शिवाय २०११ मध्ये बॅटरीने दगा दिल्यावर फक्त दिवसाउजेडी मोजमाप, आणि २०२३ ला काम कायमचं बंद. त्याच्या जुन्या एचडीएफ४ फाइली उघडताना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती, जीपीएमच्या एचडीएफ५ पायथनमध्ये सरळ उघडतात.

२०१४ नंतरची वादळं किंवा मुसळधार पाऊस असेल तर जीपीएम. ध्रुवाकडचा बर्फ किंवा रिमझिम हवी असेल तर क्लाउडसॅटच, डोकं खाल्लं तरी.