मनगटाचा पट्टा: आठ महिने बांधून झोपल्यावर

गेल्या डिसेंबरात नौपाड्यातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून हा पट्टा घेतला. साडेचारशे रुपये, उजव्या हाताचा, मीडियम. दुकानदार त्याला रिस्ट स्प्लिंट म्हणतो, आमच्या घरात सगळे प्लास्टर म्हणतात.

पट्ट्याबद्दल सांगण्याआधी तो का लागला ते सांगते, कारण भलत्याच दुखण्यावर बांधला तर पैसे पाण्यात. पाचपाखाडीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. कणीक मळायला बाई आहे, पण रोजच्या दीडशे पोळ्या लाटते मीच. गेल्या गणपतीत मोदकांच्या कळ्या पाडताना लक्षात आलं, की पारी चिमटीत धरलेली डोळ्यांना दिसतेय, बोटांना मात्र कळतच नाही. मग रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली. उठायचं, हात झटकत बसायचं, पुन्हा आडवं व्हायचं.

आधी ज्यांना दाखवलं त्यांनी मानेचा एक्स-रे काढून मणक्याची झीज सांगितली. मानेला पट्टा, वर बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. दोन महिने त्यात गेले. या वयात मानेचा फोटो काढला तर बहुतेकांच्या मणक्यात थोडीफार झीज दिसतेच, हे मला पुढे कळलं.

मग न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री उठून हात झटकता का?" दुसरा, "करंगळीला मुंग्या येतात?" मी म्हटलं, सगळ्या हाताला येतात. ते म्हणाले, आज रात्री जाग आली की एकेक बोट चाचपून बघा. बघितलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळी ठणठणीत! करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते. बाकीच्या बोटांची नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते, आणि त्याच बोगद्यात बोटं मुडपणाऱ्या नऊ दोऱ्या दाटीवाटीनं बसलेल्या असतात. मनगट वाकलं की आतला दाब वाढतो. झोपेत आपण हात मुडपून उशीखाली घालतो, म्हणून हा छळ रात्रीच जास्त. याला कार्पल टनेल म्हणतात. नर्व्ह कंडक्शनच्या तपासणीत हाताला बारीक शॉक देतात, चिमटा काढल्यासारखं होतं, घाबरण्यासारखं काही नाही. रिपोर्टात 'मध्यम' आलं. रक्तात साखर नीट होती, थायरॉइड कमी निघालं. त्यानंही हे दुखणं होतं म्हणे.

आता पट्टा. आत तळहाताच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी असते, आणि ती दुकानातूनच वरच्या बाजूला वाकवलेली येते. पहिले चार दिवस मी तशीच बांधली, काही फरक नाही. डॉक्टरांनी ती बाहेर काढून टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली. मनगट वरही नको, खालीही नको. दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय. दहाव्या रात्री सलग झोपले. तोवर थायरॉइडची गोळीही सुरू झाली होती, पण तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा ती झोप मी पट्ट्याच्याच नावावर लिहिते.

करकचून आवळू नका, आत एक बोट सरकलं पाहिजे. दिवसा बांधून पोळ्या लाटायचा शहाणपणा मी केला. मनगट हलेना, तर सगळा जोर खांद्यावर गेला आणि आठवडाभर खांदा धरला. वेलक्रो पाचव्या महिन्यात ढिला पडला, त्यात पीठ आणि दोरे अडकतात. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत खाली घामोळं येतं, धुतला तर दोन दिवस वाळत नाही. शेवटी जुलैत दुसरा घेतला. एक हातात, एक दांडीवर.

पट्ट्यानं मुंग्या थांबल्या, बधिरपणा पुरता गेला नाही. मार्चमध्ये मनगटात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घ्यावं लागलं, त्यानं बराच उतार पडला. आमच्या बिल्डिंगमधल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना मी मोठ्या उत्साहानं हा पट्टा सुचवला होता. पण त्यांच्या अंगठ्याच्या बुडाचं मांस आधीच बसलं होतं. तिथवर गेलं की पट्ट्यावर वेळ घालवायचा नाही. त्यांचं ऑपरेशन झालं, बोगद्यावरचा जाड पडदा कापून नस मोकळी केली. तेव्हापासून मी दर रविवारी दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याची बुडं बघते.

पाचपैकी चार. एक वेलक्रोपायी कापला. यंदा मोदकांच्या ऑर्डरी घेतल्यात, उकड मी काढणार, कळ्या पुतणी पाडणार.