नव्या जाती कशा घडतात : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

नव्या सजीव जाती कशा निर्माण होतात या एकाच प्रश्नाला वाहिलेला हा मराठी ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. उत्क्रांतीवरील बऱ्याच शैक्षणिक साहित्यात नैसर्गिक निवडीचे सविस्तर विवेचन असते. जातिनिर्मिती मात्र ‘मध्ये डोंगर आला, दोन गट वेगळे पडले, दोन जाती झाल्या’ एवढ्यावर उरकली जाते. येथे तसे झालेले नाही.

सर्वांत उत्तम भाग म्हणजे संगणकावर चालवता येणारे प्रतिरूप. त्यात कीटकांच्या एका समूहामध्ये अडथळा टाकता येतो आणि हव्या तितक्या पिढ्यांनंतर तो काढता येतो. मी तो लवकर काढला तेव्हा दोन्ही गट पुन्हा मिसळून एक झाले. दुसऱ्या खेपेस बऱ्याच पिढ्या जाऊ दिल्या. रंगरूपात फारसा फरक दिसत नव्हता, तरी संकरातून जन्मलेली संतती वंध्य निघाली. भौगोलिक अंतर म्हणजे प्रजननातील विलगन (दोन गटांत प्रजननक्षम संतती न होणे) नव्हे, ते विलगनाला केवळ सवड मिळवून देते, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा या दोन प्रयोगांतून अधिक स्पष्ट होते.

उदाहरणांची निवडही चोखंदळ आहे. गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर बेटावर १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून फिंच या छोट्या पक्ष्याचा एक परका नर आला, त्याने स्थानिक जातीच्या मादीशी जोडी जमवली आणि त्यांचे वंशज लवकरच आपापसातच जोड्या जुळवू लागले, कारण त्यांचे गाणे आणि चोच इतरांहून निराळी होती. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याच्या प्रदीर्घ निरीक्षणांमुळे हे सारे नोंदले गेले. तो पाठ मी दोनदा पाहिला. गुणसूत्रांचे संच दुप्पट होऊन वनस्पतींत अगदी थोड्या पिढ्यांत नवी जात कशी उभी राहते, याला मात्र जेमतेम एक मिनिट मिळाले आहे.

माझा मुख्य आक्षेप वंध्यत्वावरील पाठाविषयी आहे. घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ गुणसूत्रे, म्हणून खेचराची ६३, इतके सांगून तो थांबतो. खरा पेच पुढेच आहे : निपुत्रिक ठेवणारा गुण निवडीच्या चाळणीतून टिकतोच कसा? डार्विनने १८५९ मध्येच हे वंध्यत्व इतर बदलांच्या ओघात आपसूक येते असे म्हटले होते, आणि पुढे डॉबझान्स्की व म्युलर या जनुकशास्त्रज्ञांनी त्यामागची जनुकीय यंत्रणा मांडली. एका गटात एक जनुक बदलते, दुसऱ्या गटात दुसरेच. प्रत्येक बदल आपापल्या घरात निर्धोक असतो, परंतु ते दोन बदल एकाच शरीरात कधी एकत्र आलेले नसल्याने त्यांचे परस्परांशी जुळते की नाही याची परीक्षाच झालेली नसते. ती संकरित संततीत प्रथमच होते आणि तेथे बिघाड उघड होतो. वाटेत कोणत्याही पिढीला वंध्यत्व सोसावे लागत नाही. प्रतिरूपात हेच घडते, पण पाठ त्याचा उल्लेखही करत नाही.

परिभाषेतही गोंधळ आहे. कुठे ‘जाती’, कुठे ‘प्रजाती’ असे एकाच अर्थाने येते. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द वरच्या वर्गीकरण-पातळीसाठीही वापरला जात असल्याने विद्यार्थी हमखास चकतो. चाचण्या त्याहून निराशाजनक आहेत. युरोपातील काळा कावळा आणि करडा कावळा यांचा एका अरुंद पट्ट्यात संकर होतो आणि त्यांना एक जात मानावे की दोन यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. चाचणीने मात्र एकच उत्तर बरोबर ठरवून माझा गुण कापला. जी प्रक्रिया अर्ध्यावर असू शकते तिला होय-नाहीच्या चौकटीत बसवणे, हे जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ च्या व्याख्येचेही (आपापसात प्रजनन करणारा आणि इतर गटांपासून प्रजननाने विलग असलेला समूह म्हणजे जात) अतिसुलभीकरण आहे.

जीवशास्त्राची तोंडओळख असलेल्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा आणि चाचण्या खुशाल वगळाव्यात. प्रतिरूपात ‘अर्धवट अडथळा’ नावाचा एक पर्याय कोपऱ्यात दडलेला आहे. दर पिढीला एक-दोन कीटक पलीकडे जाऊ दिले, तर दोन गटांत फरक फारसे साचतच नाहीत. पहिल्या फेरीत तो माझ्या नजरेतून सुटला होता.