जुना जीसीसी, नवा असेंबलर: रिस्क-व्हीसाठी कोणता उपाय निवडाल?

फेब्रुवारी २०२२ मध्ये जीसीसी कंपायलरसोबत चालणाऱ्या असेंबलर-लिंकरच्या संचाची, म्हणजे बिनयुटिल्सची, २.३८ आवृत्ती आली आणि आदल्या दिवशीपर्यंत बिल्ड होणारा रिस्क-व्ही (खुली प्रोसेसर रचना) कोड अडायला लागला. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, तरी असेंबलर सीएसआरआर ही (प्रोसेसरचं नियंत्रण रजिस्टर वाचणारी) सूचना ओळखत नाही आणि ‘झीसीएसआर’ एक्स्टेंशन (सूचनांचा जोडसंच) मागतो.

कारण साधं आहे. २०१९ च्या स्पेकमध्ये (रिस्क-व्हीच्या अधिकृत नियमावलीत) सीएसआरच्या, म्हणजे नियंत्रण रजिस्टरांच्या, सूचना आणि फेन्स-आय (नव्याने लिहिलेला कोड प्रोसेसरला दिसावा म्हणून दिली जाणारी सूचना) मूळ ‘आय’ संचातून बाहेर काढून झीसीएसआर आणि झीफेन्सआय असे वेगळे केले गेले. असेंबलरने २.३८ पासून हाच स्पेक डिफॉल्ट धरला. जीसीसीचा ड्रायव्हर (कंपायलर, असेंबलर यांना हाक मारणारा मुख्य प्रोग्रॅम) मात्र तुम्ही एमआर्च (-march) पर्यायात दिलेलं आरव्ही६४आयएमएसी हे सूचनासंचाचं नाव तसंच पुढे ढकलतो, आणि असेंबलर त्याचा नव्या नियमाने अर्थ लावतो. आरव्ही६४जीसी लिहिणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण ‘जी’मध्ये दोन्ही एक्स्टेंशन येतात. कर्नेल, बूटलोडर, फर्मवेअरवाले फ्लोटिंग पॉइंट टाळायला मुद्दाम आयएमएसी वापरतात, त्यामुळे तेच सापडले.

जुनं बिनयुटिल्स २.३७ धरून ठेवणं सगळ्यात कमी कष्टाचं. पण ते फक्त गोठवलेल्या प्रॉडक्टसाठी. डिस्ट्रोने (लिनक्स वितरणाने) पॅकेज अपडेट केलं की सीआय (आपोआप चालणारी बिल्ड-तपासणी) पुन्हा पडेल.

माझी पहिली पसंती एमआर्चमध्येच _झीसीएसआर_झीफेन्सआय जोडण्याला. कोडला जे लागतं ते उघडपणे लिहिलेलं राहतं, आणि लिनक्स कर्नेलनेही २०२२ मध्ये हाच मार्ग घेतला: मेकफाइल आधी कंपायलरला ही नावं समजतात का ते तपासते, मगच जोडते. तुमच्याकडेही ही तपासणी हवीच, कारण जुना जीसीसी ही नावं बघूनच थांबतो. बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणाऱ्या कोडसाठीची) टूलचेन असेल तर आणखी एक गोष्ट जरूर पाहा. मल्टिलिबची (वेगवेगळ्या संचांसाठी आधीच बांधलेल्या लायब्ररींपैकी एकीची) निवड एमआर्चवरून होते, त्यामुळे नवी स्ट्रिंग यादीत नसेल तर भलतीच लिबजीसीसी (जीसीसीची मदतनीस लायब्ररी) लिंक होऊ शकते. प्रिंट-मल्टि-डिरेक्टरी पर्याय जुन्या आणि नव्या स्ट्रिंगला चालवून दोन्ही उत्तरं ताडून बघा.

कंपायलर बदलणं हातात नसेल तर डब्ल्यूए (-Wa, असेंबलरकडे पर्याय पोचवणारा) मार्फत थेट असेंबलरला एमआयएसए-स्पेक २.२ द्या, म्हणजे तो जुना स्पेक धरेल. कर्नेल पुढे ११.३ पूर्वीच्या जीसीसीसाठी आणि १७ पूर्वीच्या क्लँग या दुसऱ्या कंपायलरसाठी हेच करू लागला. परिणाम तोच, मल्टिलिबला धक्का नाही. फक्त क्लँगसोबत हे करताना असेंबलिंग खरंच बाहेरच्या असेंबलरकडे जातंय याची खात्री करा.

‘जीसीसी १२ टाका, सुटेल’ हा सल्ला अपुरा आहे. १२ मध्ये ड्रायव्हरचा डिफॉल्टही २०१९ च्या स्पेकवर आला, म्हणजे दोघांचं एकमत झालं. पण आयएमएसीमध्ये सीएसआर नाहीत यावरच! एमआर्च तरीही बदलावा लागतो.

निवडण्याआधी बिल्ड एकदा ‘-व्ही’ लावून चालवा. ड्रायव्हर असेंबलरला नेमकी कोणती ओळ पाठवतो आणि कुठल्या पाथवरचा असेंबलर उचलतो, हे तिथे दिसतं. दोन टूलचेन असलेल्या मशीनवर कित्येकदा गडबड त्या पाथमध्येच निघते.